साबण कमी, मलम जास्त

प्रश्न : मी सोलापूरची, वय ३६. टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाते. गेले दोन हिवाळे माझ्या नडग्या आणि कोपराखालचे हात पांढरेफटक पडतात, नखानं ओढलं की रेघ उमटते. रात्री इतकी खाज सुटते की झोपेत ओरबाडून रक्त निघतं. आता हातांच्या पाठीवरही चिरा पडायला लागल्यात. स्वच्छता कमी पडत असेल म्हणून मी दोन वेळा कडक पाण्यानं, अँटिसेप्टिक साबण लावून, वजरीनं घासून आंघोळ करते. पाणी बोअरचं, नळाला पाणी काही दिवसांआड येतं, ते पिण्यासाठी आणि स्वयंपाकाला राखून ठेवतो. खोबरेल तेलात कापूर आणि लिंबू घालून लावते. मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबनं चार दिवस बरं वाटतं, मग परत तेच. सासूबाई म्हणतात रक्त बिघडलंय, म्हणून वांगी आणि शेंगाचटणी सोडली. संक्रांतीला हळदीकुंकवाला कुठे गेले नाही. पुढच्या महिन्यात दिराचं लग्न आहे आणि हळदीला हात उघडे टाकायची हिंमत होत नाही. मला माझ्याच अंगाची लाज वाटते. काय करू?

उत्तर :

ताई, 'स्वच्छता कमी पडत असेल' या एका समजुतीतून तुमचा पुढचा सगळा त्रास वाढत गेलाय. तुम्ही अंग गरजेपेक्षा फार जास्त धुता. त्यामुळे आधी धुणं कमी करायचं आणि मग लावणं वाढवायचं, याच क्रमानं. नुसतं मलम वाढवलं आणि आंघोळ तशीच कडक ठेवली, तर सकाळी लावलेलं संध्याकाळी वाहून जाईल.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर कागदापेक्षाही पातळ असतो. त्यात मृत पेशींचे थर एकावर एक बसलेले असतात आणि त्यांच्यामधल्या फटी सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लांच्या चिकट मिश्रणानं लिंपलेल्या असतात. सोलापुरातल्या जुन्या माळवदाच्या घरांना वरची माती भेगाळली की गळती लागते, तसंच इथे होतं. फरक इतकाच की इथे गळती दोन्ही बाजूंनी असते. आतलं पाणी हवेत उडून जातं आणि बाहेरचा साबण, सुताची धूळ, घाम आत शिरतो. आतल्या बारीक मज्जातंतूंना हे झोंबतं, त्याची खाज येते. ओरबाडलं की भेग रुंदावते, आणखी झोंबतं, आणखी खाज येते. हे चक्र तोडायचं आहे.

लिंपण उतरवणाऱ्या गोष्टी तुमच्या रोजच्या आंघोळीत एकत्र आल्यात. कडक पाण्यानं मेद सुटून येतो. नेहमीचा साबण अल्कधर्मी असतो, त्याचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप) ९ ते १० च्या घरात. त्वचेचा सामू ४.५ ते ५.५, म्हणजे ती किंचित आम्ल असते आणि आम्ल असतानाच तिची दुरुस्ती नीट चालते. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी मिळून न विरघळणारा साका तयार करतं. बादलीच्या कडेला पांढरं चिकट कडं बसतं ते हेच, आणि अंगावरही त्याचा पातळ थर कितीही पाणी ओतलं तरी राहतो. वर वजरी. वजरी टाचेसाठी आहे. नडगीवर घासली की भेगांची संख्या वाढवते. अँटिसेप्टिक लिक्विड पाण्यात टाकायची सवय असेल तर ती आजच थांबवा. निरोगी त्वचेवरही रोज वापरलं तर ते दाह करतं.

आता आंघोळ कशी करायची ते.

दिवसातून एकदाच. कारखान्यातून आल्यावर घाम आणि सुताचा भुसा अंगावर असतो, म्हणून संध्याकाळची ठेवा; सकाळी हात, तोंड, पाय साध्या पाण्यानं धुवा. सकाळी आंघोळ केल्याशिवाय देवपूजा होत नसेल तर सकाळी आंघोळ करा आणि संध्याकाळी ओल्या कपड्यानं अंग टिपून घ्या. पाणी कोपर बुडवून पाहा: गरमही वाटू नये, गारही वाटू नये. आरसा धुरकट होईल इतकी वाफ निघत असेल तर ते पाणी तुमच्यासाठी कडक आहे. पाच ते सात मिनिटांत आटपा. साबण फक्त काखा, जांघा आणि तळपाय एवढ्यालाच. नडगीला आणि हाताला साबणाची गरज नाही, साध्या पाण्यानं ते भाग पुरेसे स्वच्छ होतात. पहिले दोन-तीन दिवस अंग धुतल्यासारखं वाटणार नाही, ती सवयीची बाब आहे. स्वच्छ त्वचेला 'करकर' आवाज आला पाहिजे असं नाही. तो आवाज येतो तेव्हा मेद गेलेला असतो.

साबणाऐवजी सिन्डेट बार, म्हणजे साबण नसलेली अंग धुण्याची वडी घ्या. मेडिकलमध्ये 'सोप-फ्री' किंवा 'सिन्डेट' म्हणून मागा. त्याचा सामू त्वचेच्या जवळचा असतो आणि जड पाण्यात त्याचा साका होत नाही, म्हणून सोलापूरच्या बोअरच्या पाण्याला तो जास्त उपयोगी. साबणाच्या वेष्टनावर 'टीएफएम', म्हणजे वडीतल्या एकूण मेदाची टक्केवारी छापलेली असते. पहिल्या प्रतीच्या साबणात ती ७६ किंवा त्याहून जास्त असते आणि 'बेदिंग बार' लिहिलेल्या वडीत ४० असली तरी चालते. जास्त टीएफएमची वडी घेणं बरं, पण तीही अल्कधर्मीच असते. टक्का मोठा म्हणून ती त्वचेला सौम्य असेलच असं नाही.

पाण्याचं काय? घरी सॉफ्टनर बसवावा का, असं विचारणारे पुष्कळ असतात. इंग्लंडमध्ये इसबाच्या ३३६ मुलांवर झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सॉफ्टनर बसवलेल्या घरांतल्या मुलांच्या इसबात नेहमीच्या उपचारांहून जास्त फरक दिसला नाही. तेव्हा हजारो रुपये तिथे घालू नका. नळाला पाणी आलं की अंगासाठी त्यातलं एक कळशी बाजूला ठेवता आलं, तर शेवटचे दोन तांबे त्या पाण्याचे घ्या. नाही जमलं तरी बिघडत नाही. साबण कमी केलात की जड पाण्याचा निम्मा जाच तसाच संपतो.

अंग पुसायचा टॉवेल तुमच्याच हातचा असेल, पण तो घासू नका, दाबून टिपा. नव्या टॉवेलला खळ असते, वापरण्याआधी तो दोनदा धुऊन घ्या. बोअरच्या पाण्यात धुऊन उन्हात कडकडीत वाळवला की टॉवेल खरखरीत होतो. वाळल्यावर चांगला झटका आणि हातानं चोळून मऊ करा. कपड्यांनाही हेच. वॉशिंग पावडर चमचाभर कमी टाका आणि एकदा जास्त खळबळून काढा. वासाचं कंडिशनर टाकू नका. पांघरायला सोलापुरी चादर असेल तर तिच्याखाली अंगालगत जुनी मऊ सुती साडी किंवा दुपटं घ्या. चादरीची जाड वीण उघड्या नडगीला रात्रभर घासत राहते.

आणि आता मुख्य गोष्ट, मलम लावणं. त्वचा ओलसर असतानाच लावायचं, म्हणजे टिपून झाल्यावर तीन मिनिटांच्या आत, न्हाणीघरातच. डबा तिथेच ठेवा. खोलीत जाऊन साडी नेसून मग लावू म्हणालात की तेवढ्यात पाणी उडून गेलेलं असतं आणि तुम्ही कोरड्यावर कोरडं झाकता. सोलापूरच्या हवेत हा उशीर जास्त भोवतो. इथली थंडी कोरडी, आणि उन्हाळ्यात दुपारची आर्द्रता २०–२५ टक्क्यांवर येते. ज्या हवेत धुतलेला टॉवेल तासाभरात वाळतो, त्या हवेत त्वचेचं पाणी किती वेगानं जात असेल ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

काय लावायचं, तर दोन वस्तू पुरतात. रात्री वास नसलेली पांढरी पेट्रोलियम जेली, किंवा मेडिकलमध्ये मिळणारं व्हाइट सॉफ्ट पॅराफिन आणि लिक्विड पॅराफिनचं मलम. चिकट आहे, स्वस्त आहे आणि पाणी अडवण्यात त्याच्या तोडीचं दुसरं फारसं काही नाही. दिवसा ग्लिसरीन असलेलं साधं क्रीम, कारण ते जिरतं आणि कपड्यांना लागत नाही. ओरबाडे भरून आले, की दिवसाच्या क्रीमऐवजी ५ ते १० टक्के युरियाचं क्रीम घ्या. युरिया पाणी धरून ठेवतो आणि खपल्या सैल करतो. चिरांवर मात्र तो झोंबतो, म्हणून पहिला आठवडा नुसती जेली. डब्यावर 'फ्रॅग्रन्स' किंवा 'परफ्यूम' लिहिलं असेल तर तो परत ठेवा, मग जाहिरात कितीही केशर-बदामाची असो. नवीन काहीही आधी कोपराच्या आतल्या घडीत रुपयाएवढ्या जागी दिवसातून दोनदा, सात दिवस लावून पाहा. लाली किंवा खाज आली नाही तर अंगाला लावा. जेली मात्र आजपासूनच सुरू करा, तिची ॲलर्जी फार क्वचित येते.

प्रमाणात बहुतेक सगळेच चुकतात. बोटाच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून काढलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम, आणि ती बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. तुमचा हिशेब असा: एका बाजूला कोपराखालचा हात दीड पेर, पंजा एक, गुडघ्याखालचा पाय तीन, पाऊल दोन, मिळून साडेसात. दोन्ही बाजूंचे १५ पेर, म्हणजे साडेसात ग्रॅम. दिवसातून दोनदा लावायचं, म्हणजे रोज १५ ग्रॅम आणि महिन्याला ४५० ग्रॅम. शंभर ग्रॅमची बाटली तुम्हाला आठवडाभरच पुरली पाहिजे. ती दोन महिने पुरत असेल तर तुम्ही नुसता हात फिरवताय. म्हणून महागडी छोटी बाटली काटकसरीनं वापरण्यापेक्षा मोठा साधा डबा घेऊन सढळ हातानं लावलेलं केव्हाही चांगलं. डब्यात बोटं घालू नका, स्वच्छ चमच्यानं काढा. लावताना वरून खाली, केसांच्या दिशेनं. उलटं चोळलं की केसांच्या मुळांशी मलम कोंबलं जातं आणि पुळ्या येतात.

जेली लावल्यावर दोन जपणुका. फरशीवर पाय घसरतो, म्हणून तळव्यांना सगळ्यात शेवटी लावा आणि मोजे घाला. आणि पॅराफिन मुरलेलं कापड लवकर पेट घेतं. गाऊनच्या बाह्या, ओढणी, साडीचा पदर यांत ते रोज थोडं थोडं मुरत जातं आणि धुतल्यानं पूर्ण निघत नाही. जेली लावलेले कपडे घालून गॅसपुढे किंवा चुलीपुढे भाकरी करायला बसू नका. स्वयंपाकाचे कपडे वेगळे ठेवा.

तेलाबद्दल. नुसतं खोबरेल ओल्या अंगावर लावलं तर ते चांगलंच आहे, कोरड्या त्वचेवर त्याचा उपयोग चाचण्यांत दिसला आहे. बिघडवलं ते कापूर आणि लिंबानं. कापराचा गारवा घटकाभराचा, नंतर तो झोंबतो. लिंबाचा रस लावून उन्हात गेलात तर काळे डाग पडतात आणि ते महिनोन् महिने जात नाहीत. हाताशी करडईचं तेल असेल तर तेही लावायला हरकत नाही, त्यात लिनोलेइक आम्ल भरपूर असतं आणि त्वचा सिरॅमाइड बनवायला तेच वापरते. मोहरीचं आणि ऑलिव्हचं तेल मात्र टाळा, ती दोन्ही हे लिंपण ढिलं करतात. बेसन, मुलतानी माती, हळदीचा लेप यांनी तेल शोषलं जातं, ते तुमच्या कामाचं नाही. टाल्कम पावडरही नको.

रात्रीची खाज वेगळी सांभाळायला हवी. रात्री त्वचा गरम होते, तिच्यातून पाणी जास्त उडतं, शरीरातलं दाह आवरणारं कॉर्टिसॉल उतरलेलं असतं आणि मनालाही दुसरं काम नसतं; म्हणून दिवसा सोसलेली खाज अंथरुणात असह्य होते. उशाशी एक वाटी गार पाणी, सुती फडकं आणि जेली ठेवा. खाज उठली की फडकं ओलं करून पाच ते दहा मिनिटं त्या जागेवर ठेवा, काढून लगेच जेली लावा. जेलीची डबी माठाशेजारी ठेवली तर ती गार लागते आणि आणखी आराम पडतो. ओरबाडण्याऐवजी तळहातानं दाबून धरा. नखं आठवड्यातून दोनदा कापा, कडा घासून गोल करा. पायांना सैल सुती पायजमा. पंखा किंवा उन्हाळ्यात कूलर सरळ अंगावर नको, भिंतीकडे वळवा. खाजेची गोळी मेडिकलमधून स्वतःच घेऊ नका. तिनं झोप येते, पण या कोरडेपणाच्या खाजेवर तिचा फारसा परिणाम होत नाही, आणि दुसऱ्या दिवशी मशीनवर बसलेलं असताना डुलकी लागणं धोक्याचं.

हातांच्या चिरांचं मूळ कामात आहे. सुताचा भुसा हातावरचा मेद शोषून घेतो, खळ लागते, वर घरी भांड्यांची पावडर. भांडी घासताना आत पातळ सुती आणि वर रबरी असे दुहेरी हातमोजे घाला. नुसत्या रबरी मोज्यात घाम साचून हात अजून चिघळतात. एका वेळी वीस मिनिटांहून जास्त ठेवू नका, आतला मोजा ओला झाला की बदला. कामावर जेली नको, टॉवेलला डाग पडतील आणि भुसा चिकटेल. ग्लिसरीनचं क्रीम जेवणाच्या सुट्टीत आणि हात धुतल्यावर दर वेळी मुगाएवढं लावा, मशीनवर बसण्याआधी दहा मिनिटं जाऊ द्या. बांगड्या आणि अंगठीच्या खाली साबण साचतो. हात धुतल्यावर त्या सरकवून खालची जागा टिपा. जोडव्यांचंही तसंच. रात्री पंज्यांना जाड जेली लावून सुती मोजे घालून झोपा. आठ-दहा रात्रींत चिरा बुजतात. टाचांना भेगा असतील तर दहा मिनिटं कोमट पाण्यात पाय, मग वजरी हलक्या हातानं, मग २० ते २५ टक्के युरियाचं मलम. कोकम तेलाची वडी वितळवून भरायची आपल्याकडची जुनी रीतही चांगली आहे. ब्लेडनं कातडं कापू नका.

आता ती ट्यूब. तिच्यावर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते भिंग घेऊन वाचा. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी काही असेल तर ते स्टिरॉइड आहे. त्यासोबत बुरशीचं आणि जंतूंचंही औषध मिसळलेलं असेल तर ती तीनचार औषधांची खिचडी आहे, आणि कोरड्या त्वचेला त्यातल्या एकाचीही रोजची गरज नसते. चार दिवस बरं वाटतं कारण स्टिरॉइड दाह दाबतं. लिंपण मात्र दुरुस्त होत नाही, म्हणून थांबवलं की परत. पुन्हा पुन्हा लावत राहिलात तर त्वचा पातळ होते, शिरा दिसायला लागतात, ताणाच्या पांढऱ्या रेघा पडतात, आणि आत नायटा असेल तर तो रूप बदलून पसरतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी चौदा स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा यादीत घातली, ती याचसाठी. अधूनमधून चार दिवसच लावली असेल तर बंद करा. महिनोन् महिने रोज लावत असाल, किंवा तोंडाला, काखेत, जांघेत लावली असेल, तर एकदम सोडू नका, त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून सोडा. आणि तज्ज्ञांनी पुढे स्वतः स्टिरॉइड लिहून दिलं तर घाबरू नका. नेमक्या जागी, नेमके दिवस, पेराच्या मापानं लावलं की ते उत्तम औषध आहे. त्याच्या आणि मॉइश्चरायझरच्या मध्ये वीस-तीस मिनिटं जाऊ द्या.

वांगी आणि शेंगाचटणी खा. 'रक्त बिघडणं' असं काही इथे नाही, आणि शेंगदाण्याची खरी ॲलर्जी असती तर खाल्ल्यावर दोन तासांच्या आत गांधी, ओठ सुजणं, उलटी असं काही दिसलं असतं. पथ्य करून कोरडी त्वचा बरी होत नाही, उलट ताटातलं तेल आणि प्रथिनं कमी होतात. पाणी तहानेइतकं प्या. तहान नसताना तांब्यावर तांबे प्यायल्यानं नडगीचा कोरडेपणा जात नाही. सासूबाईंनी काळजीपोटी म्हटलं असेल. त्यांना हे पत्र वाचून दाखवा आणि नडगीला जेली लावायचं काम आठवडाभर त्यांच्याकडे द्या. त्यांच्या वयात त्यांच्याही नडग्या कोरड्या असणारच.

लग्नाबद्दल. महिना हातात आहे आणि तो पुरेसा आहे. वर लिहिल्याप्रमाणे रोज केलंत तर ताण आणि खाज तीन-चार दिवसांत कमी होते, पांढरेपणा आणि खपल्या दोन आठवड्यांत, आणि वरचा थर सगळा नवा व्हायला साधारण चार आठवडे लागतात. ओरबाड्यांचे काळपट डाग मात्र महिन्यात जाणार नाहीत. त्यांच्यासाठी ब्लीच, गोरं करणारं क्रीम, पार्लरचं स्क्रब यांपैकी काहीही करू नका. हात-पायांचं वॅक्सिंग या वेळी टाळा. मेंदी साधी, हिरव्या पाल्याची. लगेच काळी रंगणारी मेंदी नको, तिच्यात केस काळे करायचं रसायन असतं आणि भेगाळलेल्या हातावर फोड येऊ शकतात. हळदीच्या आधी अर्धा तास हातांना जेलीचा थर द्या. कोणी हळद लावली तर लावू द्या, पंधरा मिनिटांनी साध्या पाण्यानं उतरवा आणि परत जेली. अत्तर अंगाला नको, साडीच्या काठाला लावा.

आणि हात उघडे टाका, ताई. कोरडी त्वचा कुणाच्या स्पर्शानं कुणाला लागत नाही. तुमच्या हातचं हळदीकुंकू, तुमच्या हातचा तिळगूळ, तुमच्या मांडीवर बसलेलं लेकरू, कशालाही धोका नाही. पूर्ण बाह्यांचा नायलॉनचा ब्लाउज घालून तुम्ही डाग झाकता, पण घाम आत कोंडून खाज वाढवता. बाह्या हव्याच असतील तर मलमलच्या सैल घ्या, आणि त्या उन्हासाठी घ्या. 'हे काय झालंय?' असं कोणी विचारलंच, तर उत्तर तयार ठेवा: "त्वचा कोरडी आहे, लागट नाही, औषध चालू आहे." एवढं म्हणून विषय बदला. खुलासा करत बसायची तुमच्यावर कसलीही सक्ती नाही. रोजच्या त्या दहा मिनिटांना तुमचा स्वतःचा वेळ समजा. ज्या हातांनी दिवसभर दुसऱ्यांसाठी टॉवेल शिवता, त्यांना जरा सावकाश चोळा. लाज वाटून घाईघाईनं झाकलेल्या अंगाला मलमही नीट लागत नाही.

तुम्ही लिहिलंय त्यावरून हा कोरडेपणाचा इसब वाटतो, पण पत्रावरून खात्री देता येत नाही, म्हणून काही गोष्टी स्वतः तपासा. बोटांच्या बेचक्यात, मनगटात, बेंबीभोवती बारीक पुरळ आहे आणि घरात अजून कुणी रात्री खाजवतंय, तर ती खरूज असू शकते. तिला सगळ्या घरानं एकाच दिवशी औषध लावावं लागतं. कडेनं उठावदार आणि मधून निवळलेलं गोल वर्तुळ असेल तर नायटा. कोपर, गुडघे, डोक्यात चंदेरी जाड खपल्या असतील तर सोरायसिस. फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि त्यावर कापूस फिरवलेला कळत नसेल, तर तो कुष्ठरोग असू शकतो, थांबू नका. त्याची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात मोफत आहेत, वेळेत घेतली तर पूर्ण बरं होतं. लहानपणापासून नडगीवर माशाच्या खवल्यांसारखी नक्षी असेल आणि वडिलांना किंवा आईलाही तसंच असेल, तर ती त्वचेची जन्मजात ठेवण आहे. तिला हीच काळजी आयुष्यभर घ्यायची.

चिरांतून पिवळं पाणी येऊन मधासारखी खपली धरली, जागा गरम आणि दुखरी झाली किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. बाकी सगळं नीट करून दोन आठवड्यांत खाज निम्म्यानंही कमी झाली नाही, तरीही दाखवा. शासकीय रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात जाऊ शकता. त्या सकाळी हातापायांना काहीही लावू नका, म्हणजे मूळ रूप दिसेल. आतापर्यंत लावलेल्या सगळ्या ट्यूबा खोक्यांसकट पिशवीत घालून न्या, तेलाची बाटलीसुद्धा. चालू असलेल्या गोळ्या सांगा, दिवस गेले असण्याची शक्यता असेल तर तेही सांगा. अंग कोरडं पडण्याबरोबर थकवा, वजन वाढणं, थंडी जास्त वाजणं, पाळी अनियमित होणं यांतलं काही असेल तर ते आवर्जून बोला. थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन आणि मूत्रपिंडाची तपासणी करायची का, हे त्यावरून ठरतं.